खेळातला गणपती, गाऱ्हाण्यातलं वाक्य

शनिवार, गणपतीचा तिसरा दिवस, संध्याकाळची आरती. स्थळ, आमच्या चारकोपच्या सोसायटीचं पार्किंग, त्यातला मंडप. हजर: सोसायटीचे अध्यक्ष आणि त्यांची बायको, गाऱ्हाणं घालणारे बी विंगमधले काका, माझा नवरा, माझी मुलगी, समोरच्या फ्लॅटमधली माझी मैत्रीण आणि तिची मुलगी, मी म्हणजे सोसायटीची सेक्रेटरी, आणि बाकी बिल्डिंग. बाकी बिल्डिंगची वेगळी नावं द्यायची गरज नाही, कारण त्या संध्याकाळी ती एकाच तोंडानं बोलली.

हे गेल्या वर्षीचं. प्रश्न एवढाच होता की समोरच्या मुलीला सगळ्यांसमोर खाली मान घालायला लावायची की नाही. मी म्हणत होते, नाही. आणि ते मी जवळजवळ जमवलं होतं.

दोन्ही मुली तेव्हा अकरावीत होत्या. बालवाडीपासून एकत्र. आमची दारं समोरासमोर, आणि दिवसा दोन्ही घरांचं फक्त जाळीचं दार लागलेलं असायचं, त्यामुळे कोणाच्या घरी काय शिजतंय आणि कोण कोणावर ओरडतंय हे वेगळं सांगावं लागत नसे. दहावीनंतरच्या सुट्टीत माझ्या मुलीनं टीव्हीला जोडून खेळायचं ते यंत्र घ्यायला लावलं आणि त्याच्याबरोबर तो खेळ आला.

खेळ जपानी. त्याचे बरेच भाग आहेत. दर भागात मुलं वेगळी, गाव वेगळं, पण गोष्ट साधारण तीच. एक मुलगा नव्या शाळेत येतो. दिवसा वर्ग, परीक्षा, एखादी लहानशी नोकरी, मित्रमैत्रिणी. शाळा सुटली की चारपाच पोरं मिळून एका दुसऱ्याच जगात शिरतात. माणसं मनात जे दडपून ठेवतात ते तिथं राक्षस होऊन फिरत असतं. मोठ्यांना त्याचा पत्ता नसतो, सांगितलं तरी पटत नाही. लढायचं पोरांनीच, आणि दुसऱ्या दिवशी गणिताच्या पेपरालाही बसायचं.

सुरुवातीला तो आवाज माझ्या डोक्यात जायचा. मग एकदा कपड्यांच्या घड्या घालताना मी नीट बघितलं, आणि खरं सांगायचं तर मला तो खेळ आवडला. कारण त्यात कॅलेंडर आहे. प्रत्येक दिवसाला दुपार आणि संध्याकाळ. त्या वेळेत अभ्यास करा, नोकरी करा, नाहीतर मित्राला भेटा. सगळं करता येत नाही. गेलेला दिवस परत मिळत नाही. कोणाकडे बरेच दिवस फिरकलं नाही तर मैत्री तिथल्या तिथं अडकून राहते, आणि पुढं लढाईत त्याची मदत कमी पडते. माझ्या फ्रिजवर आठवड्याच्या कामांचा कागद असतो. त्यामुळे हे मला फार समजूतदारपणाचं वाटलं.

"काकी, तुम्ही खेळा ना आमच्यात," समोरची मुलगी म्हणाली. "तुम्ही असलात की एक दिवस वाया जाणार नाही."

"आई खेळली तर ती पोरं लढायला जाणारच नाहीत," माझी मुलगी. "आधी भांडी घासा, मग जग वाचवा."

"बरोबरच आहे," मी म्हटलं. "जग वाचवून घरी आल्यावर जेवणार कशात?"

दोघींची कामं ठरलेली होती. हातात रिमोट माझ्या मुलीच्या. ती सावकाश. खेळात कोणी काही विचारलं की उत्तरं तीन येतात, आणि कुठलं निवडता त्यावर समोरचा माणूस जवळ येतो किंवा दुखावतो. ती तिन्ही उत्तरं पुन्हा पुन्हा वाचायची. समोरची मुलगी वैतागून उशी फेकायची. "अगं निवड ना यार, म्हातारा झाला तो वाट बघून." तिचं काम म्हणजे माहिती. कोणता राक्षस कशाला घाबरतो, कोणती शक्ती कुठून मिळते, सगळं तिला तोंडपाठ. आणि ते दुसऱ्याला समजावून सांगायची तिला भारी हौस. आईचा गुण. तिची आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. सरळ प्रश्नाला सरळ आणि पूर्ण उत्तर द्यायचं, हे त्या घरात शिकवलेलं.

या आईबद्दल सांगायला हवं. ती मूळची बुलढाण्याकडची, घर बौद्ध. लग्न होऊन ती इथं आली त्याच सुमारास मीही आले. सोसायटीच्या गणपतीत ती कधी हात जोडून उभी राहिली नाही. पण पाचही दिवस प्रसादवाटप तिच्याकडे. आरती चालू असताना ती मागच्या टेबलाशी द्रोण मांडून ठेवायची, आणि आरती संपली की रांग लावायची. ती असली की रांग मोडायची कोणाची छाती नव्हती. अध्यक्षांनाही तिनं एकदा "साहेब, मागून या" म्हणून परत पाठवलं होतं, आणि ते गेले होते. ती हात का जोडत नाही हे कोणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. एप्रिलमध्ये जयंतीला तिच्याकडची खीर आमच्याकडे यायची. ही व्यवस्था चांगली चालली होती. निदान मला तसं वाटत होतं.

त्या खेळात पोरं लढतात ती स्वतःच्या हातांनी नाही. त्यांच्या मनातून एक एक रूप उभं राहतं आणि ते लढतं. ही रूपं जगभरातून घेतलेली आहेत. ग्रीकांचे देव, जपानी भुतं, कुठकुठले देवदूत. आणि आपलेही. दोन रूपं एकत्र केली की ती दोन्ही जातात आणि तिसरं, जास्त ताकदीचं येतं. खेळणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. तो पत्त्यांचा हिशेब असतो.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात अध्यक्षांच्या बाई रांगोळी स्पर्धेची नावं घ्यायला माझ्याकडे आल्या. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. हॉलमध्ये मुली. टीव्हीवर सोंडेचं एक रूप उभं होतं.

"अगं बाई, हा बाप्पा ना?" बाईंनी विचारलं.

"हो काकू," समोरची मुलगी म्हणाली. "भारी काढलाय ना?"

"आणि हा करतो काय?"

"आमच्या बाजूनं लढतो. पण आता ह्याला आणि ह्या शिंगवाल्याला एकत्र करायचंय. मग हे दोघं जातात आणि एक तिसराच येतो. जाम स्ट्राँग."

"जातात म्हणजे कुठं?"

"जातात म्हणजे नाहीसे होतात. पण नोंद राहते काकू, हवं तेव्हा परत बोलावता येतं."

माझ्या मुलीनं बटण दाबलं. पडद्यावर उजेड झाला. मी चहा घेऊन आले तेव्हा बाई मोबाइल पर्समध्ये ठेवत होत्या. चहा प्यायल्या, चकलीत ओवा छान लागतोय म्हणाल्या, नावं घेऊन गेल्या.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. खाली मजकूर, की आपल्याच बिल्डिंगमध्ये ऐन उत्सवाच्या तोंडावर बाप्पाचा बळी द्यायचा खेळ चालतो, पालकांनी लक्ष द्यावे. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. सकाळपर्यंत वाक्य बदललं होतं. आता "आपल्याच बिल्डिंगमध्ये" नव्हतं. आता होतं, "त्या मुलीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं." कोणी तरी विचारलं, कोणती मुलगी. कोणी तरी सांगितलं. मग एकानं लिहिलं, "त्यांना काय, त्यांचे देव थोडेच आहेत."

मी लिहिलं, "फोटो माझ्या घरातला आहे. टीव्ही माझा, खेळ माझ्या मुलीचा, बटण तिनं दाबलं. काही विचारायचं असेल तर मला विचारा." त्यावर दोन अंगठे आले आणि चर्चा मला वळसा घालून पुढं गेली. मी तिथं लिहिलंच नव्हतं जणू.

उत्सवाच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसात बसलो. अध्यक्ष, मी आणि समोरची, म्हणजे मुलीची आई. अध्यक्षांचं म्हणणं, मुलीनं आरतीच्या वेळी पुढं यावं, बाप्पासमोर हात जोडावे, चुकले म्हणावं. दोन मिनिटांचं काम. लोक शांत होतील.

"मग दोघींनी म्हणायचं," मी म्हटलं. "माझीनं आधी."

"तुमच्या मुलीचं वेगळं आहे वहिनी."

"काय वेगळं?"

"ती आपल्यातली आहे. तिच्या मनात तसं काही नसणार."

समोरचीनं खुर्ची पुढं ओढली. ती म्हणाली, "साहेब, माझ्या घरात देवाला कोणी शिवी देत नाही आणि देवापुढं कोणी हात जोडत नाही. दोन्ही शिकवलेलं नाही. तुमच्या बाईंनी तिला विचारलं, तिनं सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं का?"

"तुम्ही लगेच मनाला लावून घेता."

"घेते ना. माझी मुलगी आहे."

मी दोघांनाही थांबवलं आणि मुद्दे मांडले. खेळ बाहेरच्या देशातला, विकत मिळतो, बंदी नाही. घर माझं. मुली अल्पवयीन. सोसायटीच्या नियमांत माफी नावाची गोष्ट नाही. उद्या हे बाहेर गेलं, कोणी तक्रार केली, तर सोसायटीचं नाव निघेल आणि इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू असताना ते कोणालाच परवडणारं नाही. शेवटचा मुद्दा लागू पडला. पहिल्या चारांनी काही झालं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. अध्यक्ष म्हणाले, ठीक, माफीचा विषय संपला. ग्रुपवरही कोणी काही लिहिणार नाही. त्यांनी शब्द दिला.

जिन्यात मी तिला म्हटलं, "मिटलं. उद्यापासून ये नेहमीसारखी."

"नको गं, यंदा राहू दे."

"तू नाही आलीस तर लोक म्हणतील काही तरी होतंच. ये तू. पोरीलाही आण."

"शिऱ्यात केळं घालू नका म्हणावं, काळा पडतो," ती म्हणाली. म्हणजे ती येणार होती.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिनं द्रोण मांडले, रांग लावली. तिची मुलगी माझ्या मुलीबरोबर खुर्च्या लावत होती आणि दोघी जपानी शाळेतल्या पोरांसारख्या एकमेकींना वाकून नमस्कार करत खिदळत होत्या. तिसऱ्या दिवशी आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, आणि काका गाऱ्हाण्याला उभे राहिले.

आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं कोकणातली, त्यात मालवणकडची जास्त. त्यामुळे गाऱ्हाणं होतंच. ज्यांनी कधी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक वडीलधारा माणूस देवापुढं उभा राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्यात विचार करायला वेळच नसतो. मागणाऱ्याचा आवाज "रे म्हाराजा"वर चढतो आणि तोंड आपोआप उघडतं. मुलं ते बोलायला लागल्यापासून शिकतात. माझं माहेर घाटकोपरचं, आमच्याकडे ही पद्धत नव्हती, पण लग्नानंतरच्या दुसऱ्या गणपतीत मीही म्हणायला लागले होते.

त्या दिवशी मी मागच्या टेबलाशी समोरचीला मदत करत होते. शिऱ्याचं पातेलं गरम होतं, ते दोघींना मिळून उचलावं लागलं.

"देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी जी काय सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ज्या पोरांची परीक्षा हा, त्यांका यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"बिल्डिंगीचा काम अडकला हा, ता मार्गाक लाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." इथं नेहमीप्रमाणे जरा हसू आलं आणि आवाज मोठा झाला.

"ह्या बिल्डिंगीत कोणी तुझी चेष्टा केल्यान असात, तुका राक्षसांच्या पंक्तीत बसवल्यान असात, तर त्या परक्याच्या लेकराक सुबुद्धी दी, आणि तेच्या आवशी-बापसाक समज दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळं पार्किंग घुमलं. मला आधी वाक्य कळलंच नाही. मग समोरचीचा हात पातेल्याच्या कानावर थांबलेला दिसला, आणि मी पुढं बघितलं. दोन्ही मुली खुर्च्यांच्या पहिल्या रांगेजवळ शेजारी शेजारी उभ्या होत्या. तिची मुलगी माझ्या मुलीकडे बघत होती. माझी मुलगी देवाकडे बघत होती. तिचं तोंड अजून पुरतं मिटलं नव्हतं.

तिनंही म्हटलं होतं. चांगलं खणखणीत, शाळेत प्रार्थना म्हणायची तसं.

काकांनी आणखी एकदोन मागणी मागितली. समोरची मुलगी गर्दीतून वाट काढत जिन्याकडे निघून गेली. आई गेली नाही. तिनं रांग लावली. प्रत्येकाच्या द्रोणात शिरा घातला. अध्यक्ष आले, त्यांनाही घातला. त्यांच्या बाईंनी मान खाली घालून द्रोण पुढं केला तेव्हा ती म्हणाली, "गरम आहे, खालून धरा." काका आले, त्यांना तिनं दोन वेळा वाढला, कारण ते दर वर्षी दोन वेळा मागतात. शेवटचा माणूस गेला. मग तिनं डाव माझ्या हातात दिला.

"उरलेला डब्यात काढ. उद्याचं तुम्ही बघा."

"मला माहीत नव्हतं गं," मी म्हटलं. "शपथ."

"तुला माहीत नव्हतं. काकांना होतं. अध्यक्षांना होतं. आणि बाकीच्यांना विचारायचीही गरज पडली नाही, एवढंच." तिनं साडीला हात पुसले आणि ती गेली.

अध्यक्षांना मी तिथंच गाठलं. "तुम्ही शब्द दिला होता."

"माफीचा दिला होता. माफी कोणी मागितली का? देवाकडे सुबुद्धी मागितली. ती तर आपण सगळ्यांसाठीच मागतो वहिनी."

हे उत्तर त्यांनी आधीच तयार करून ठेवलेलं होतं.

घरी आल्यावर मुलगी दारात चप्पल घालूनच उभी राहिली. "आई, मला कळलंच नाही. तोंडातून गेलं."

"सगळ्यांच्याच गेलं," मी म्हटलं. "पण तिनं तुझंच ऐकलं."

"अगो, गाऱ्हाण्यात कोण अर्थ बघता?" नवरा म्हणाला. तो पंख्याखाली बसून झब्ब्याची बटणं काढत होता. "माका तरी खय कळला? ता म्हणूचाच लागता."

"तेच सांगते आहे. कळलं नाही आणि म्हटलंत."

"म्हणजे मी काय वैरी झालंय काय तेंचो?"

"तुम्ही नाही हो. तुम्ही बाकी बिल्डिंग झालात."

त्याला लागलं, आणि लागायला हवं होतं.

मुलगी समोर गेली. जाळीच्या दारामागचं लाकडी दार बंद होतं. तिनं बेल वाजवली. दार उघडलं, जाळी उघडली नाही. मी आमच्या हॉलमधून ऐकत होते, आणि ऐकत नसल्याचं सोंग करायची मला गरज वाटली नाही.

"सॉरी यार. मी लक्षच दिलं नव्हतं. सवयीनं गेलं."

"खेळात तू तीनदा वाचतेस," आतून आवाज आला. "साधं कोणी 'कशी आहेस' विचारलं तरी. तीनदा वाचतेस आणि मग निवडतेस."

"ते वेगळं आहे ना."

"हो. ती खोटी माणसं आहेत."

लाकडी दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं. माझी मुलगी तिथं बराच वेळ उभी राहिली. मी तिला बोलावलं नाही.

मला वाटलं होतं, पोरींचं भांडण आहे, दिवाळीपर्यंत संपेल. दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन गेले. तिनं घेतलं, रिकामं परत न देता त्यात शेंगदाण्याचे लाडू घालून दिलं, कारण ती नीट वागणारी बाई आहे. पण दारातच. आत ये म्हणाली नाही. तिची मुलगी क्लासला गेली होती असं तिनं सांगितलं, आणि त्याच वेळी आतून तिच्या मुलीचा खोकला ऐकू आला. आम्ही दोघींनी तो ऐकला नाही असं ठरवलं.

मार्चमध्ये त्यांनी फ्लॅट भाड्यानं दिला आणि ते भांडुपला गेले, तिच्या भावाच्या बिल्डिंगमध्ये. अध्यक्षांना कारण सांगितलं, मुलीचं कॉलेज तिकडून जवळ पडतं. मुलीचं कॉलेज बोरीवलीत आहे. भांडुप शहराच्या दुसऱ्या टोकाला, मधे अख्खं जंगल. अध्यक्षांनी ना हरकत पत्र दिलं आणि मला म्हणाले, "शिक्षणासाठी माणूस किती त्रास घेतो बघा." ते हे गंभीरपणे म्हणत होते की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. सामान खाली उतरत होतं तेव्हा बिल्डिंगमधले चारपाच जण मदतीला धावले. कपाट जिन्यात अडकलं ते माझ्या नवऱ्यानं तिरकं करून सोडवलं. सगळे फार चांगले वागले. कोणाच्याही मनात काही नव्हतं. मनात काही नसताना एक घर उठलं.

खेळ अर्धा राहिला आहे. मुलगी म्हणते, बारावी आहे, वेळ नाही. धूळ पुसताना मी एकदा विचारलं, विकायचं का हे. ती नको म्हणाली आणि खेळलीही नाही.

आता यंदाचं. वार्षिक सभा गणपतीच्या आधी आहे. मी सेक्रेटरी म्हणून विषयपत्रिका करते. त्यात मी एक ठराव घातला आहे. उत्सवाच्या गाऱ्हाण्यात कोणत्याही रहिवाशाचा किंवा कुटुंबाचा उल्लेख, उघड किंवा आडून, करू नये. आणि गेल्या वर्षी झालेल्या उल्लेखाबद्दल सोसायटीनं त्या कुटुंबाकडे लेखी दिलगिरी व्यक्त करावी. अध्यक्ष म्हणाले, सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय ठराव सभेपुढं येणार नाही. ते बरोबर आहे. नियमच तसा आहे, आणि नियमांचा आग्रह मीच धरत आले. सूचक मी. अनुमोदक दुसऱ्या फ्लॅटचा हवा, म्हणजे नवऱ्याचा उपयोग नाही. तो परवा स्वतःहून सही करतो म्हणाला होता. नियम सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी बघितली.

मी भांडुपला फोन केला. मालक या नात्यानं ती अजून सभासद आहे, तिची सही चालली असती.

"माझ्याकडे दिलगिरी व्यक्त करा म्हणून मीच सही करू?" ती म्हणाली.

"नियमात बसतं."

"तुझ्या नियमात काय काय बसतं गं." मग, "पोरगी बरी आहे का तुझी?"

"बरी आहे. तुझी?"

"बरी आहे." बोलणं तिथं संपलं.

काकांकडे गेले. ते खाटेवर बसून चष्मा पुसत होते. "माका अध्यक्षान वाचून दाखवल्यान, ह्या वाक्य घाला म्हणान," ते म्हणाले. "माका वाटला, कोणा भाडेकरूबद्दल आसा. नंतर त्या बायेन माका दोनदा शिरो वाढल्यान, तेव्हा तिचा तोंड बघून माका कळला." सही करायला ते तयार होते. पण फ्लॅट त्यांनी मुलाच्या नावावर केला आहे, ते सभासद नाहीत. मुलगा आतून म्हणाला, "काकी, आम्हाला ह्यात नका ओढू. पप्पांचं वय झालंय."

ए विंगमध्ये तळमजल्यावर एक बाई आहेत, मागे समोरचीनं त्यांच्या मुलाला दोन वर्षं फुकट शिकवलं होतं. त्यांनी मला बसवलं, सरबत दिलं. "मनातून मी तुझ्याबरोबरच आहे गं."

"मनातून चालत नाही. सही लागते."

"अगं पण आता ते लोक इथं राहतही नाहीत. कोणाला फरक पडतो?"

"मग सही करायला तरी काय हरकत आहे?"

"तसं नाही," त्या म्हणाल्या, आणि कसं ते त्यांना सांगता आलं नाही. सरबत चांगलं होतं. मी ते संपवलं.

विषयपत्रिका नोटीस बोर्डावर लावायची मुदत रविवारी संपते. ठराव टाइप करून तयार आहे. सूचकाच्या जागी माझी सही झालेली आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे. ए आणि बी विंग झाल्या. सी विंग उद्या, शाळा सुटायच्या आधी, बायका घरी असतात तेव्हा. तिथं जायचं राहिलं आहे.